आलेला स्पर्धक आणि आलेली गाडी : स्पर्धेतील न्यायाविषयी एक अभ्यास

या स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीचे आणि यशाचे लेख पुष्कळ असतील, आणि ते असावेतच. आम्ही मात्र येथे एका चुकीपासून आरंभ करीत आहोत. ही चूक दुसऱ्या कोणाची नाही, आमचीच आहे. गेली अनेक वर्षे वर्गात समतेचा इतिहास शिकविताना जे आमच्या ध्यानी आले नव्हते, ते एका लाकडी गाडीने आम्हांस शिकविले. तो धडा माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तीन ग्रॅमची गोष्ट

मस्तगडच्या परिसरातील आपल्या या निवासी शाळेत विज्ञान दिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीस, उतारगाड्यांची शर्यत होते, हे अलीकडच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. दिवाळीच्या सुटीपूर्वी प्रत्येक स्पर्धकास लाकडाचा एक सारखा ठोकळा, चार चाके आणि आसांसाठी चार खिळे दिले जातात. ठोकळा कोरून मुलाने स्वतः गाडी घडवावयाची असते. गाडीला इंजिन नाही, स्प्रिंग नाही, दोरी नाही. अर्धा मीटर उंचीवरून ती सोडावयाची. एक मीटर लांबीचा उतार आणि पुढे तीन मीटर सपाट फळी ओलांडून जी प्रथम पोहोचेल ती जिंकली. नियम एकच कडक आहे. गाडीचे वजन १५० ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. वजन भरून काढण्यास मुले जालन्यात सहज मिळणारा सळईचा तुकडा गाडीच्या पोटात बसवितात. लोखंडाच्या या गावात तेवढी श्रीमंती सर्वांच्या वाट्यास येते.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गातील एक मुलगी दिवाळीस घरी गेली ती परतली नाही. आईवडील ऊसतोडीला निघाले होते, तान्ह्या भावंडाला सांभाळण्यास कोणी नव्हते, म्हणून तीही टोळीबरोबर गेली. आपल्या जिल्ह्यात ही कथा नवी नाही. मात्र ठोकळा आणि चाके तिने बरोबर नेली होती. कारखान्याच्या परिसरातील कोपीत बसून तिने गाडी घडविली आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी ती एस.टी.च्या पार्सलने आमच्या हाती आली. सोबत वहीच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी होती. गाडी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली असून ती बरोबर १५० ग्रॅम भरली, असे तीत लिहिले होते.

शर्यतीच्या सकाळी आमच्या काट्यावर ती १५३ ग्रॅम भरली. आम्ही नियम पाहिला, यादीतील तिच्या नावापुढे 'बाद' असे लिहिले आणि पुढची गाडी काट्यावर ठेवली. ती एका मुलाची होती आणि १५४ ग्रॅम भरली. तो मुलगा समोर उभा होता. त्याने गाडी उचलली, कार्यशाळेतील कानस घेतली, गाडीची कड घासली आणि दहा मिनिटांत १५० ग्रॅमची गाडी घेऊन परत आला. आम्ही त्याला शाबासकीही दिली. दोन्ही निर्णय एकाच माणसाने, एकाच काट्यावर, एकाच नियमाने आणि एकाच तासात केले होते. आम्हांस त्यात काही खटकले नाही.

उन्हाळ्यात ती मुलगी परतली. तिने तक्रार केली नाही. गाडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, "सर, कानस नव्हती का?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. कानस होती. घासणारा हात नव्हता, आणि तो हात तिच्या वतीने कोणाचा असावा याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

या खेळाचे मूळ आणि त्याचे शास्त्र

हा खेळ आपल्याकडे एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेतून आणला. तेथे तो 'पाइनवूड डर्बी' या नावाने प्रसिद्ध आहे. इ.स. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी नावाच्या बालवीर पथकाच्या चालकाने तो सुरू केला. त्याचा मुलगा मोठ्या मुलांच्या उतारगाड्यांच्या शर्यतीत भाग घेण्याइतका वयाने मोठा नव्हता. त्या गाड्यांत मुले स्वतः बसत असत. तेव्हा लहान मुलांनाही हाताने काही घडविता यावे आणि बापलेकांनी एकत्र बसावे, म्हणून त्याने तळहातावर मावणाऱ्या गाड्यांची ही कल्पना काढली. तेथील प्रचलित वजनमर्यादा ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम आहे. पुढे हौशी प्रौढांनीही हा खेळ उचलला. दूरदूरच्या गावांहून टपालाने गाड्या पाठवावयाच्या आणि यजमानाने त्या धावडवून निकाल कळवावयाचा, अशा शर्यती तेथे होऊ लागल्या. तेव्हा पाठविलेली गाडी आणि घेऊन आलेली गाडी यांच्यात न्याय कसा राखावा, हा प्रश्न आपल्या शाळेपुरता नाही. जेथे जेथे काही स्पर्धक समोर असतात आणि काहींची केवळ वस्तू समोर असते, तेथे तेथे तो उभा राहतोच.

प्रश्न किती बारीक आहे हे कळण्यास थोडे शास्त्र पाहावे लागेल. अर्धा मीटर खाली उतरलेल्या गाडीचा वेग, घर्षण नाही असे धरल्यास, सेकंदाला सुमारे ३.१ मीटर असतो. म्हणजे सपाट फळीचे तीन मीटर ती सुमारे एका सेकंदात कापते. या हिशेबाने सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे तीन सेंटिमीटरचे अंतर होय. एवढ्या अंतरावर हारजीत ठरते.

आता प्रवासात गाडीचे काय होते ते पाहू. पेटी आदळते आणि पोटात चिकटविलेला सळईचा तुकडा दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. आपला उतार तीस अंशांचा आहे. तुकडा दोन सेंटिमीटर पुढे गेला म्हणजे आरंभी तो एक सेंटिमीटर खाली आला, आणि त्याला पडण्यास तेवढीच उंची कमी मिळाली. गाडीचे बहुतेक वजन त्या तुकड्यात असेल तर वेगात सुमारे एक टक्का घट होते. म्हणजे पुन्हा तेच तीन सेंटिमीटर. आसांवर मुले शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड लावतात, जेणेकरून चाक हलके फिरावे. हिसक्यांनी तीही झडते. खिळा किंचित वाकला तर गाडी एका अंगाला ओढते आणि कडेला घासत जाते. लाकूड दमट हवेत ओलावा धरते आणि कोरड्या हवेत सोडते, म्हणून एका गावी तोललेली गाडी दुसऱ्या गावी तेवढीच भरेल असे नाही. शिवाय दोन काटे क्वचितच एकमत असतात.

यांपैकी प्रत्येक दोष समोरच्या स्पर्धकाच्या गाडीतही निर्माण होऊ शकतो. तोही बसमधून आला असेल, त्याचीही पेटी आदळली असेल. पण तो पेटी उघडतो, पाहतो, तुकडा मागे सरकवितो, चाक फिरवून कानाशी धरतो, पुन्हा पूड लावतो. हजर असलेल्याला नियमांनी कोणतीही सवलत दिलेली नसते. त्याच्याजवळ एक न लिहिलेला हक्क असतो आणि तो म्हणजे दुरुस्तीचा हक्क. नियमपुस्तकात तो नसल्यामुळे पंचाला तो दिसत नाही. आम्हांलाही दिसला नव्हता.

हजर राहण्याची किंमत

यावर कोणी म्हणेल की, उपाय सोपा आहे. ज्याला स्पर्धेत उतरावयाचे त्याने यावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे उत्तर परिचित आहे. या देशाने ते साठ वर्षांहून अधिक काळ ऐकले आहे.

१८५३ च्या सनदी कायद्याने भारतातील सनदी सेवेच्या जागा स्पर्धा परीक्षेने भरण्याचे ठरले आणि १८५५ मध्ये पहिली परीक्षा झाली. कागदावर ती सर्वांस खुली होती. परीक्षा मात्र लंडनमध्ये होत असे. सत्येंद्रनाथ टागोर हे १८६३ मध्ये या परीक्षेत यशस्वी झालेले पहिले भारतीय होत. नियम तोच, प्रश्नपत्रिका तीच, पण एकाला घरून चालत जावयाचे आणि दुसऱ्याला समुद्र ओलांडावयाचा. १८७८ पासून वयाची कमाल मर्यादा एकवीसवरून एकोणिसावर आली, तेव्हा भारतीय मुलाचा मार्ग अधिकच अरुंद झाला. लंडन आणि भारत या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी परीक्षा घ्यावी, असा ठराव ब्रिटिश लोकसभेने १८९३ मध्ये संमत केला, पण तो अमलात आला नाही. भारतातील पहिली परीक्षा अलाहाबादला झाली ती १९२२ मध्ये.

'ज्याला यावयाचे त्याने यावे' या वाक्यात येण्याची किंमत लपलेली असते. ती किंमत पैशांत असते, वयात असते, रजेत असते, आणि ऊसतोडीच्या टोळीतील मुलीच्या बाबतीत ती तान्ह्या भावंडात असते. मात्र आपल्या समाजाने या इतिहासातील आणखी एक गोष्ट विसरू नये. लंडनचे अंतर मोजणाऱ्या आपल्या अनेक पुढाऱ्यांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीपासून गावातल्या शाळेपर्यंतचे अंतर मोजले नव्हते. स्वतः दूर असताना अन्याय दिसतो आणि स्वतः समोर असताना तो दिसेनासा होतो. काट्यापाशी उभे असलेले आम्हीही त्या सकाळी त्याच जागी उभे होतो.

बाबासाहेबांचा पाठविलेला प्रबंध

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या घराघरांत भिंतीवर लावलेली असते. त्या पदव्या कशा पूर्ण झाल्या, याकडे मात्र या दृष्टीने आपण क्वचितच पाहिले असेल.

१९१६ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली होती. ते स्वतः एका जहाजाने आले आणि त्यांचे ग्रंथ व सामान दुसऱ्या जहाजावर होते. महायुद्धाचे दिवस होते. ते दुसरे जहाज जर्मन पाणबुडीच्या माऱ्याने बुडाले. माणूस पोहोचला, पाठविलेली वस्तू पोहोचली नाही. वाटेतील जोखीम म्हणजे काय, हे बाबासाहेबांना असे अनुभवास आले.

पुढे सिडनॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसा जमवून आणि छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये सादर केला. परीक्षकांनी त्यावर आक्षेप घेतले आणि तो सुधारून देण्यास सांगितले. तोवर जवळचे पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले. मुंबईत बसून त्यांनी प्रबंध सुधारला आणि लंडनला पाठविला. तो स्वीकारला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. कोलंबियाची गोष्टही अशीच आहे. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने छापला गेला आणि पीएच.डी. ही पदवी त्यांना रीतसर प्रदान झाली ती १९२७ मध्ये, बाबासाहेब मुंबईत असताना, महाडच्या सत्याग्रहाच्या वर्षी.

म्हणजे बाबासाहेबांच्या या दोन्ही सर्वोच्च पदव्या ते स्वतः येथे असताना आणि त्यांचे काम तेथे असताना पूर्ण झाल्या. आमच्या शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर गाडी तेथे होती आणि स्पर्धक येथे होता. आता आपण क्षणभर कल्पना करू. प्रबंधात सुधारणा हवी, पण लेखक समोर नाही, सबब प्रबंध बाद, असे विद्यापीठाने म्हटले असते तर? परीक्षकांचे आक्षेप कडक होते आणि त्यांनी सूट काही दिली नाही. परंतु आक्षेप कळविला, सुधारण्यास अवधी दिला आणि सुधारलेले काम पुन्हा तपासले. ज्याला आम्ही दुरुस्तीचा हक्क म्हणतो तो हाच. लंडनच्या परीक्षकांनी मुंबईतल्या माणसाला जी कानस दिली, ती आम्ही आमच्याच मुलीला दिली नाही.

विनयातील गैरहजर भिक्षू

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि आम्हांस सर्वांत अधिक शिकविणारा विचार विनयपिटकात आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या कामकाजाचा उल्लेख केला होता. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतगणना यांचे नियम तथागतांच्या संघात होते, याची त्यांनी सभेला आठवण करून दिली. त्याच नियमांत गैरहजर भिक्षूचाही विचार आहे.

महावग्गातील उपोसथाच्या प्रकरणात असा प्रसंग येतो की, संघ जमला आहे आणि एक भिक्षू आजारी असल्याने येऊ शकत नाही. त्याला वगळून संघाने कार्य उरकावे, असे तेथे सांगितलेले नाही. त्याने आपल्या शुद्धीचा निरोप दुसऱ्या भिक्षूबरोबर पाठवावा. ते जमत नसेल तर त्याला खाटेसकट संघापुढे आणावे. हलविल्याने आजार बळावणार असेल तर संघानेच त्याच्यापाशी जावे आणि तेथे उपोसथ करावा. निरोप्याविषयीचा नियम तर फारच सूक्ष्म आहे. निरोप्या संघापर्यंत पोहोचला आणि झोपेमुळे किंवा बेसावधपणामुळे निरोप सांगायचा राहिला, तरी आजारी भिक्षूचा निरोप पोहोचला असेच धरावे. निरोप्याने तो जाणूनबुजून सांगितला नाही, तर दोष निरोप्याचा. वाटेत किंवा दारात जे चुकले त्याचे खापर दूर असलेल्याच्या माथी फोडावयाचे नाही, हे त्यातील तत्त्व आहे.

चुल्लवग्गात दुसरी बाजू सांगितली आहे. षड्वर्गीय भिक्षू गैरहजर भिक्षूंविरुद्ध दंडाचे निर्णय करू लागले, तेव्हा जो समोर नाही त्याच्याविरुद्ध असे कर्म करू नये, असा नियम तथागतांनी घालून दिला. वाद मिटविण्याच्या सात रीतींत 'सम्मुखाविनय', म्हणजे समोरासमोर निर्णय, ही पहिली रीत आहे.

हे वाचल्यावर आम्ही त्या सकाळचा आमचा निर्णय पुन्हा पाहिला. 'बाद' हा शब्द आम्ही जिच्या नावापुढे लिहिला ती समोर नव्हती. तिच्या वतीने बोलणारेही कोणी नव्हते. तिचा निरोप, ती चिठ्ठी, आमच्या टेबलावर होती आणि आम्ही ती वाचलेली होती. म्हणजे निरोप पोहोचला होता. चूक निरोप्याची, आणि निरोप्या आम्हीच.

दुसऱ्या बाजूचा न्याय

पुढील वर्षी आम्ही चूक सुधारावयास गेलो आणि दुसरी चूक केली. पार्सलने आलेल्या सर्व गाड्या आम्ही स्वतः तपासल्या, चाके सरळ केली, आसांना पूड लावली, वजन काटेकोर केले. शर्यतीनंतर आठवीची मुले आमच्याकडे आली. त्यांचे म्हणणे असे की, त्यांच्या गाड्या त्यांच्या हातांनी तयार झाल्या आणि पार्सलच्या गाड्या सरांच्या हातांनी. सरांचा हात त्यांच्यापेक्षा चांगला आहे. म्हणणे खरे होते. त्याच वर्षी एका गाडीची चाके यंत्रावर कातल्यासारखी गुळगुळीत होती. ती मुलाने केली की वडिलांच्या कारखान्यातील कारागिराने, हे विचारावयास मुलगा समोर नव्हता. हजर मुलाची परीक्षा नुसत्या दोन प्रश्नांनी होते, पाठविलेल्या गाडीला प्रश्न विचारता येत नाहीत.

म्हणून गैरहजराची बाजू घेणे म्हणजे हजराचे नुकसान करणे नव्हे, हे आम्हांस नियमांतूनच सिद्ध करावे लागले. काही वेळा दोन्ही प्रकार वेगळे ठेवणे हाच योग्य मार्ग असतो. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई यांनी १९४९ मध्ये मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली. पुढे तिच्यात देशोदेशींच्या मुलांची चित्रे येऊ लागली. तिचाच भाग म्हणून १९५२ पासून जागेवर बसून चित्र काढण्याची वेगळी स्पर्धाही होऊ लागली. घरी आठवडाभर रंगविलेले चित्र आणि मैदानात तासाभरात रंगविलेले चित्र एका तराजूत घालण्यापेक्षा हे केव्हाही उचित. परंतु उतारगाडीत घडण सर्वांचीच घरी होते, वेगळे असतात ते केवळ शेवटचे दोन तास. त्या दोन तासांसाठी मुलांना दोन रांगांत उभे करणे आम्हांस पटले नाही. वेगळ्या रांगेचा अनुभव आपल्या समाजाला पुरेसा आहे.

आता आपण काय करतो

मुलांशी चर्चा करूनच पुढील नियम ठरले आणि गेली काही वर्षे ते पाळले जातात.

पहिला नियम काट्याचा. शाळेचाच काटा प्रमाण, आणि बाहेरगावच्या मुलाने आपली गाडी मुद्दाम दोन-तीन ग्रॅम हलकी पाठवावी. सोबत पुडीत लहान वजने द्यावीत आणि ती कोठे चिकटवावयाची ते खूण करून ठेवावे. लाकूड घासण्यापेक्षा वजन वाढविणे सोपे असते आणि त्यात गाडीचा आकार बिघडत नाही.

दुसरा नियम प्रतिनिधीचा. प्रत्येक पाठविलेल्या गाडीसाठी त्याच इयत्तेतील एक विद्यार्थी प्रतिनिधी असतो. शिक्षक गाडीला हात लावीत नाहीत. दूरच्या मुलाने चिठ्ठीत जे लिहिले तेवढेच प्रतिनिधीने करावयाचे. चिठ्ठीबाहेरचे काही निघाले तर दूरध्वनी करून विचारावयाचे. फोन लागला नाही तर समोरच्या मुलाला जेवढा वेळ मिळतो तेवढ्याच वेळात, तेवढ्याच हत्यारांनी, प्रतिनिधीने गाडी नियमात बसवावयाची. दुरुस्तीची संधी दिल्यावाचून कोणतीही गाडी बाद होत नाही.

तिसरा नियम जमा करण्याचा. दुरुस्तीची वेळ संपली की सर्वच गाड्या टेबलावर जमा होतात. त्यानंतर हजर मुलालाही स्वतःच्या गाडीला हात लावता येत नाही. उतारावर गाडी ठेवण्याचे काम सर्वांसाठी एकच व्यक्ती करते. कारण गाडी किंचित तिरपी ठेवली तरी निकाल बदलतो, आणि स्वतःची गाडी प्रत्येकजण अधिक जपून ठेवतो.

चौथा नियम मार्गांचा. फळीवरचे चार मार्ग कितीही घासले तरी सारखे नसतात. म्हणून प्रत्येक गाडी चारही मार्गांवर एकेकदा धावते आणि चारही वेळांची बेरीज धरली जाते.

पाचवा नियम घडणीच्या नोंदीचा. प्रत्येक मुलाने, हजर असो वा दूर, गाडी कशी केली, काय बिघडले आणि कोणाची मदत घेतली, हे एक पानभर लिहून द्यावे. मदत घेणे हा दोष नाही, लपविणे हा दोष आहे. सम्यक वाचेचा पाठ प्रवचनापेक्षा या एका पानातून अधिक पक्का होतो, असा आमचा अनुभव आहे.

सहावा नियम निकालाचा. प्रत्येक मार्गावरची वेळ, काट्यावरचे वजन आणि केलेली दुरुस्ती लिहून तो कागद गाडीसह परत पाठविला जातो. समोरच्या मुलाने जे डोळ्यांनी पाहिले, ते दूरच्या मुलाला वाचावयास तरी मिळाले पाहिजे.

या नियमांनी पूर्ण समता साधते, असा आमचा दावा नाही. उतारावरून सुटणारी आपली गाडी पाहताना जो आनंद होतो, तो कागदावरच्या आकड्यांत नसतो. शर्यतीच्या दिवशी सर्व मुले हजर असावीत, ऊसतोडीच्या हंगामात एकाही मुलाला शाळा सोडावी लागू नये, हाच खरा उपाय आहे आणि आपल्यासारख्या निवासी शाळा त्यासाठीच उभ्या आहेत. पण तो दिवस येईपर्यंत जे दूर आहेत त्यांच्यासाठी काट्यापाशी कोणीतरी उभे राहिले पाहिजे.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच आहे. आपणांपैकी बरेच जण आता निवड समित्यांवर, पंचायतींत, कार्यालयांत, बचतगटांत आणि विहारांच्या कार्यकारिणींवर आहेत. आपल्या टेबलावर रोज कोणाचे तरी अर्ज येतात. काहींसोबत माणूस येतो आणि काही नुसतेच येतात. सही राहिली असेल तर समोर उभा असलेला माणूस तेथेच सही करतो, आणि नुसत्या आलेल्या अर्जावर 'अपूर्ण, सबब नामंजूर' असा शेरा पडतो. तो शेरा लिहिण्यापूर्वी एकदा विचारावे की, आपण समोरच्याला जी कानस दिली ती या अर्जालाही दिली काय?

ती गाडी आज शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात आहे. ती मुलगी दहावी उत्तीर्ण होऊन पुढे शिकावयास गेली, तेव्हा ती गाडी तिने शाळेलाच ठेवावयास दिली. त्या दिवशी तिची गाडी धावली असती तर जिंकली असती, असे आम्ही म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही, कारण ती धावलीच नाही. गाडीच्या तळाशी आमच्या अक्षरात '१५३' हा आकडा लिहिलेला आहे. तो आम्ही पुसलेला नाही. दरवर्षी शर्यतीच्या सकाळी नव्या पंचांना आम्ही ती गाडी दाखवितो, शेजारी कानस ठेवतो आणि मग काट्यावर पहिली गाडी ठेवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!